चाई पडल्यावर प्रतिकारशक्ती वाढवायचे काढे घेतले तर केस परत येतात का?

नाही. तुमच्या भावाच्या दाढीत रुपयाएवढी चाई पडली, डॉक्टर 'इम्युनिटीचा प्रकार आहे' म्हणाले आणि घरी गुळवेलीचा काढा सुरू झाला, असं तुम्ही लिहिलंय. पण इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती भलत्याच जागी कामाला लागली आहे.

वाढत्या केसाचं मूळ एरवी प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या नजरेआड असतं. चाईत तो आडोसा ढासळतो आणि त्यांतल्या टी पेशींचा (या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) एक गट मुळावर तुटून पडतो. चट्ट्याच्या कडेला भिंग धरून बघा, उद्गारचिन्हासारखे आखूड केस दिसतील, टोकाला जाड आणि बुडाशी बारीक. किडा केस खातो हे खोटं. मूळ मात्र शाबूत राहतं, म्हणून तर आशा असते.

गंमत अशी, की याच टी पेशींचे भाऊबंद केस उगवायला मदतही करतात. त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. इतरांना आवरणं हे त्यांचं मुख्य काम. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रोझेनब्लम यांच्या गटाने उंदरांच्या अंगातून त्या काढून टाकल्या आणि पाठीवरचे केस भादरले. तिथे केस परत आलेच नाहीत! भादरल्यावर पहिल्या तीन दिवसांत त्या नसतील तरच हे घडायचं. नंतर काढल्या तर काही फरक पडत नसे. या पेशींवरचं जॅग्ड-१ नावाचं प्रथिन मुळाजवळच्या मूलपेशींना, म्हणजे ज्यांच्यापासून नवा केस घडतो त्या पेशींना, जागं करतं, असं २०१७ साली त्यांनी दाखवलं. काळ्या उंदरांवर मीही काम केलंय. केस निघायच्या आधीच भादरलेली गुलाबी कातडी करडी, मग काळपट होते. आत मुळं रंग भरू लागलेली असतात. हे उंदरांचं झालं, माणसात सगळं इतकं सरळ नाही.

म्हणून चाईवरचे उपचार प्रतिकारशक्तीला चिथावत नाहीत, बहुतेक तिला आवरतात: चट्ट्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं, आणि फारच पसरली तर बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या (अमेरिकेत २०२२ पासून मान्य). त्या थांबवल्या की केस पुन्हा गळू शकतात. गुळवेलीचं म्हणाल तर करोनाकाळात ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. मी तरी ती बंदच करायला सांगेन.

एकच छोटा चट्टा पुष्कळदा वर्षभरात आपसूक भरतो. वाढत असेल किंवा भुवयाही गळू लागल्या, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे लवकर जा. नवे केस आधी पांढरे आले तर घाबरू नका, रंग बहुधा मागाहून येतो.