बागेतला बुटका मूळचा खाणीतला

प्रश्न : युरोपातल्या बागांच्या छायाचित्रांत लाल टोकदार टोपीचा, पांढऱ्या दाढीचा एक बुटका पुतळा हटकून दिसतो. फुलझाडांमध्ये उभ्या असलेल्या या पुतळ्याच्या हाती पुष्कळदा कुदळ किंवा कंदील असतो, तो कशासाठी? आणि असे पुतळे लोक गमतीने चोरून नेतात, हे खरे आहे का?

उत्तर : कुदळ आणि कंदील आपल्या नजरेत भरले हे फार बरे झाले, कारण या बुटक्याचे, म्हणजे 'गार्डन नोम'चे, मूळ नेमके तिथेच सापडते. तो मुळात माळी नाहीच. तो खाणकामगार आहे. मध्य युरोपातल्या खाणींत उतरणारे कामगार डोक्यावर टोकदार टोपडे घालत आणि कमरेला मागच्या बाजूने कातडे बांधत. जमिनीखाली आपल्याखेरीज आणखी कोणीतरी वावरते, अशी त्यांची श्रद्धा होती. खाणविद्येचा मोठा जर्मन अभ्यासक गेओर्ग आग्रिकोला याने 1549 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात या भूमिगत बुटक्यांचे वर्णन केले आहे. ते वयस्कर दिसतात, खाणकामगारांसारखाच वेश करतात, बोगद्यांतून सारखे धावपळ करतात, खणल्याचा आव आणतात आणि प्रत्यक्षात काहीच करत नाहीत, असे तो सांगतो. आजही हिरवळीवर कुदळ उगारून वर्षानुवर्षे उभा असलेला पुतळा पाहिला, की हे वर्णन त्याच्यासाठीच लिहिले असावे असे मला वाटते.

सगळेच बुटके निरुपद्रवी मानले जात नसत. ज्या खनिजातून चांदी तर निघत नसे, उलट भाजताना विषारी धूर मात्र निघे, ते 'कोबोल्ड' नावाच्या खोडकर भुतांची करणी समजले जाई; कोबाल्ट या धातूच्या नावात ती भुते अजून टिकून आहेत. 'नोम' हा शब्द मात्र विद्वानांकडून आला. 16व्या शतकातला स्विस वैद्य पॅरासेल्सस याने पृथ्वीतत्त्वात राहणाऱ्या जीवांना हे नाव दिले.

बागेत बुटक्यांना पहिले मानाचे स्थान मिळाले ते राजवाड्यांमुळे. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग येथील मिराबेल उद्यानात 1690च्या दशकात संगमरवरी बुटक्यांची एक रांगच उभारली गेली; पुढे अभिरुची बदलल्यावर ते पुतळे विकले गेले, आणि त्यांतले काही कालांतराने परतही आले. सामान्य माणसाच्या अंगणापर्यंत हा पाहुणा पोहोचला तो 19व्या शतकात, जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातल्या ग्रेफेनरोडा गावच्या कुंभारकामामुळे. साच्यातून काढून, भट्टीत भाजून आणि हाताने रंगवून केलेले हे मातीचे पुतळे तिथून देशोदेशी गेले.

इंग्लंडमध्ये त्यांना नेण्याचे श्रेय सर चार्ल्स आयशम यांना दिले जाते. नॉर्थँप्टनशायरमधल्या लॅम्पोर्ट हॉल या आपल्या वाड्याला लागून त्यांनी खडकांची एक उंच कृत्रिम टेकडी रचली होती, आणि 1840च्या दशकात न्यूरेंबर्गहून आणलेले छोटे खाणकामगार तिच्या कपारींत बसवले. आयशम यांचा भूगर्भातल्या जीवांवर मनापासून विश्वास होता, त्यामुळे हे पुतळे त्यांच्या दृष्टीने केवळ शोभेच्या वस्तू नव्हत्या, आणि मला त्यांची ही निष्ठा लोभस वाटते. त्यांच्या मुलींना मात्र हे बुटके मुळीच आवडत नसत. वडिलांच्या पश्चात त्यांनी ते छऱ्याच्या बंदुकीने टिपून पाडले, असे सांगतात. कपारीत दडलेला एकच तेवढा नजरेतून निसटला. तळहातावर मावेल एवढ्या उंचीचा तो पुतळा आज 'लॅम्पी' या नावाने ओळखला जातो, आणि त्याचा विमा 10 लाख पौंडांचा असल्याचे सांगितले जाते.

पुढे घाऊक उत्पादन वाढले तशी बड्या बागप्रेमींनी नाके मुरडली. लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात या पुतळ्यांना मज्जाव होता. 2013 साली, शंभराव्या वर्षाच्या निमित्ताने, तो तेवढ्यापुरता उठवण्यात आला.

आता चोरीविषयी. होय, हे खरे आहे. 1980च्या दशकात ऑस्ट्रेलियात अंगणातला पुतळा उचलून प्रवासाला न्यायचा आणि ठिकठिकाणची त्याची छायाचित्रे मालकाला पाठवायची, असा खेळ सुरू झाला. फ्रान्समध्ये 1990च्या दशकात 'बागबुटका मुक्ती आघाडी' या अर्थाच्या नावाचा गटच निघाला. बागेत डांबलेल्या बुटक्यांना त्यांच्या मूळ घरी पोहोचवायचे, अशी त्यांची भूमिका होती, आणि म्हणून पळवलेले पुतळे ते पुष्कळदा जंगलात नेऊन सोडत. चोरी ती चोरीच, म्हणून न्यायालयाने यात शिक्षाही दिल्या. तरी 2000 साली पॅरिसच्या बागातेल उद्यानात भरलेल्या प्रदर्शनातून सुमारे वीस पुतळे रातोरात नाहीसे झाले. कुंडी किंवा कारंजे पळवून कोणी त्याची मुक्तता केल्याचे सांगत नाही. बुटक्याच्या बाबतीतच हे सुचते, कारण खाणीतल्या त्या जुन्या श्रद्धेपासून लोक त्याला जिवंत समजूनच वागवत आले आहेत.