आपत्तीनंतरची 'लूट': हा शब्द कधी वापरावा?

प्रश्न : भूकंपाच्या एका बातमीत, बंद दुकानातून पाण्याच्या दोन बाटल्या आणि बाळाच्या दुधाचा डबा घेऊन निघालेल्या बाईंचा फोटो होता. वर मथळा, 'दुकानांची लूट'. इथे 'लूट' शब्द बरोबर आहे का? आणि इंग्रजीतला 'लूट' आपल्याकडूनच गेला का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं, म्हणून ते आधी. हो, इकडूनच गेला. 'लुण्ट्', 'लुण्ठ्' या संस्कृत धातूंच्या कुळातला हा शब्द इंग्रजीने अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदीतून उचलला. तिथे तो आधी युद्धात हाती लागलेल्या मालासाठी रुळला.

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर : नाही, त्या फोटोपुरतं तरी नाही. चोरी लपूनछपून होते. लूट उघड्यावर होते आणि तिच्यात बळजोरी असते. कोणाला तरी धमकावून, मारून किंवा जमावाच्या जोरावर माल नेला, की आपण लूट म्हणतो. ('मजा लुटणे', 'लयलूट' यांत ही बळजोरी उरत नाही, पण तो वेगळा विषय.) त्या बाईंच्या हातात एक डबा आणि दोन बाटल्या आहेत, समोर ना मालक, ना गल्ला.

हा काथ्याकूट वाटेल, पण या शब्दावर माणसांचे जीव टांगलेले असतात. 18 एप्रिल 1906 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, आगी लागल्या, आणि त्याच दिवशी महापौर युजीन श्मिट्झ यांनी जाहीरनामा काढला : लूट किंवा दुसरा कुठलाही गुन्हा करताना जो आढळेल त्याला ठार मारण्याचा अधिकार सैनिकांना आणि पोलिसांना दिला आहे. इकडून गेलेला हाच शब्द त्या कागदावर छापला होता. लूट म्हणजे नेमकं काय, हे मात्र त्यात नव्हतं. जळत्या शहरातून गाठोडं घेऊन पळणारा माणूस स्वतःचं सामान वाचवतोय की दुसऱ्याचं नेतोय, हे बंदूक हातात असलेल्याने ठरवायचं!

पुढचं उदाहरण 2005 सालचं. कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्स पाण्याखाली गेलं. दोन वृत्तसंस्थांची दोन छायाचित्रं, दोन्हींत माणसं छातीभर पाण्यातून खाण्यापिण्याचं सामान घेऊन चाललेली. कृष्णवर्णीय तरुणाच्या फोटोखाली 'दुकान लुटून', गोऱ्या जोडीच्या फोटोखाली पाव आणि सोडा 'सापडल्यावर'. जगभर वाद झाला. एका छायाचित्रकाराचं म्हणणं, मी त्याला दुकानात शिरताना पाहिलं. दुसऱ्याचं, माल दुकानातून वाहत बाहेर आला होता. दोघांचं खरं मानलं तरी दुकानात शिरून घेणं म्हणजे 'नेणं' किंवा फार तर 'चोरणं'. 'लुटणं' नव्हे.

उलट, सगळ्यांवर पांघरूण घालायचीही गरज नाही. 27 फेब्रुवारी 2010 रोजी चिलीत 8.8 तीव्रतेचा भूकंप झाला, आणि कॉन्सेप्सिओन शहरात लोक दुकानांत घुसले. कोणी दूध नेलं, पीठ नेलं, तर कोणी टीव्ही आणि वॉशिंग मशीन. शेवटी संचारबंदी लागली, सैन्य आलं. अशा वेळी बातमीदाराने एकाच वाक्यात दोन क्रियापदं वापरायला हवीत : दूध नेलं, टीव्ही लुटले.

आणि मराठीत या दोन गोष्टींसाठी वेगवेगळे शब्दप्रयोग तयारच आहेत. सगळं हातचं चाललं असताना मिळेल तेवढं वाचवणं, म्हणजे 'जळत्या घराचा पोळता वासा'. दुसऱ्याच्या मरणावर आपली चैन करणं, म्हणजे 'मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं'. पहिल्यात नाइलाज आहे, दुसऱ्यात नीचपणा. दोन्हींना 'लूट' म्हटलं की आपल्याच भाषेने जपलेला हा फरक आपण पुसून टाकतो.

जपानीत अशा नीचपणाला नेमका शब्द आहे, 'काजिबा दोरोबो' : आगीच्या जागी चोरी करणारा, दुसऱ्यांच्या धांदलीचा फायदा उठवणारा. 2011 च्या त्सुनामीनंतर तिथे वाहून आलेल्या हजारो तिजोऱ्या पोलिसांकडे जमा झाल्या, त्याचं कौतुक सर्वत्र झालं आणि ते रास्तच होतं. पण फुकुशिमाच्या ओस पडलेल्या भागात चोऱ्याही झाल्या. म्हणून 'त्यांच्याकडे असलं काही होतच नाही' असं कोणी म्हणालं की मला हा शब्द आठवतो. जी गोष्ट कधी घडतच नाही, तिला भाषा नाव कशाला देईल?

तेव्हा त्या फोटोखाली मी एवढंच लिहिलं असतं : 'बंद दुकानातून पाणी आणि बाळाचं दूध घेऊन जाणारी महिला.' कोणी दुकानदाराला मारहाण करून गल्ला पळवला असेल, तर तिथे 'लूट' जरूर लिहा, आणि कोणी काय केलं तेही लिहा.