शेजारी युद्ध चालू असताना वॉर्सॉला यावं का?

बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन कोल्हापूरहून पोलंडमध्ये वॉर्सॉला यावं का, पगार पुरेल का, युद्धाची झळ कितपत लागते, असं तुम्ही विचारलंत. माझं मत: जरूर या. फक्त पगाराचे रुपये करून भुलू नका.

रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केला आणि वर्षभरात इथली महागाई १८.४ टक्क्यांवर गेली. पुढे वेग मंदावला, पण तेव्हा चढलेले भाव तसेच राहिले. घरभाड्याशिवाय इमारतीचा देखभाल खर्च आणि विजेचं बिल वेगळं धरा.

इथे लढाई नाही, पोलंड नाटोत आहे. तरी सप्टेंबर २०२५ मध्ये एका रात्री रशियन ड्रोन हद्दीत शिरले आणि वॉर्सॉचा विमानतळ काही तास बंद राहिला. सरकारी इशारे फोनवर पोलिशमध्ये येतात. भाषांतराचं ॲप आधीच घेऊन ठेवा.

खरी झळ माणसांना बसली आहे. आमच्या खालच्या मजल्यावर युक्रेनमधल्या खार्किव्हची एक बाई राहते. तिकडे शिक्षिका होती, इथे हॉटेलातल्या खोल्या आवरते. नवरा तिकडेच आहे. लढाईच्या वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडता येत नाही. खार्किव्हच्या हवाई हल्ल्याचा इशारा देणारं ॲप तिच्या फोनवर अजून चालू असतं. ते वाजलं की ती हातातलं काम टाकून आईला फोन लावते आणि आईने उचलेपर्यंत कुणाशी बोलत नाही. युक्रेन पुन्हा उभा करायला दहा वर्षांत ५२४ अब्ज डॉलर लागतील, असा अंदाज जागतिक बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला होता. हिची मोडलेली नोकरी आणि दुरावलेला संसार त्यात कुठे धरणार?

मुलीच्या बालवाडीत अशा घरांतली मुलं असतील. त्यांच्या वडिलांची चौकशी आपण होऊन करू नका. आणि १ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता शहरभर भोंगे वाजतात, रस्त्यावरची माणसं जागीच थांबतात. १९४४ साली वॉर्सॉने जर्मनांविरुद्ध केलेल्या उठावाची ती आठवण असते. मुलीला आधी सांगून ठेवा, नाहीतर घाबरेल. दुसऱ्या महायुद्धात या देशाचे सुमारे ६० लाख नागरिक गेले, त्यांतले निम्मे ज्यू. तेव्हाचेच काही हजार पोलिश निर्वासित तुमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले होते. वॉर्सॉत कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. गाव कुठलं विचारलं तर नुसतं 'इंडिया' म्हणू नका, कोल्हापूर सांगा.

कर कापून हातात किती येणार ते कंपनीला लेखी विचारा. आकडा कळवलात तर कुठल्या भागात घर परवडेल ते सांगतो.