पॅडल (paddle) म्हणजे नक्की काय? सायकलचं, होडीचं की खेळातलं?

सायकलचं तर नाहीच. पायाने मारतो ते पेडल (pedal), त्याचं स्पेलिंग वेगळं. बोलताना आपण दोन्हींची सरमिसळ करतो, म्हणून हा घोळ.

पॅडल म्हणजे मुळात होडीला न अडकवलेलं, दोन्ही हातांत धरायचं सुटं वल्हं. कयाक आणि कनू या छोट्या, अरुंद होड्या; कयाकच्या पॅडलला दोन्ही टोकांना पातं असतं, कनूच्या पॅडलला एकाच. होडीच्या काठावर अडकवलेलं लांब वल्हं असेल तर ते ओअर. ओळखायची खूण सोपी आहे: पॅडल मारणारा जायच्या दिशेला तोंड करून बसतो, ओअर ओढणारा पाठ करून.

तसाच चपटा आकार आणि हेच नाव इतरत्रही दिसेल. टेबल टेनिसची बॅट (तिला पॅडल म्हणतात ते अमेरिकेत; अधिकृत नियमांत ती रॅकेटच), लिलावात बोली लावताना वर करायची नंबराची पाटी, स्टिअरिंगमागे गिअर बदलायच्या पट्ट्या.

क्रियापद म्हणून अर्थ वल्हवणं. पण ब्रिटिश माणूस समुद्रावर ‘पॅडल’ करायला निघाला तर होडी शोधू नका, तो अनवाणी घोटाभर पाण्यात चालणार आहे!

आणि मेक्सिकोत 1969 साली सुरू झालेला, काचेच्या भिंतींच्या कोर्टवरचा खेळ म्हणजे पाडेल (padel). त्यात डी एकच.