गावातली पतसंस्था शाळेच्या संगीत-चित्रकलेला मदत करू शकते का? अर्ज कसा करावा?

हो, करू शकते, आणि कायद्यात त्याला जागा आहे. आमच्याकडच्या एका पतसंस्थेवर मी बरीच वर्षं संचालक होतो, त्यामुळे शाळांचे असे पुष्कळ अर्ज वाचले आहेत. शाळेत पेटी-तबला आहे पण शिकवायला कोणी नाही आणि रंगांना पैसे नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. त्यावरूनच सांगतो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे पतसंस्थेला निव्वळ नफ्यातला किमान २५ टक्के भाग राखीव निधीला टाकावा लागतो. त्यानंतर २० टक्क्यांपर्यंत रक्कम सार्वजनिक किंवा धर्मादाय कामासाठी बाजूला ठेवता येते. लागणाऱ्या मंजुऱ्या संस्थेचे सचिव बघतात. वार्षिक अहवालातलं 'नफा विभागणी'चं पान मागून घ्या, मग किती मागावं याचा अंदाज येईल. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हावी लागते आणि तिच्यासमोर ठेवायचा विभागणीचा प्रस्ताव संचालक मंडळ त्याआधीच ठरवतं. तेव्हा शाळा सुरू होताच, जूनमध्ये अर्ज द्या.

पण खरा प्रश्न मागायचं काय हा आहे. बहुतेक अर्जांत एकच ओळ असते: 'संगीत साहित्यासाठी देणगी मिळावी.' संचालक मंडळ नवी पेटी देतं, स्नेहसंमेलनात फोटो निघतो आणि पेटी कपाटात जाते. असं एक कपाट मी उघडून पाहिलंय. पेटीचा भाता उंदरांनी कुरतडलेला, तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, पावसाळी हवेनं सैल पडलेली, त्यावरच्या काळ्या शाईचे टवके उडालेले, पुडी ताणून धरणारी वादी तुटलेली. वाद्यं चांगल्या कारागिराची होती, पण ती रोज हातात घेणारं शाळेत कोणी नव्हतं. म्हणून माझं ठाम मत आहे की नवं वाद्य मागू नका, शिकवणाऱ्याचं मानधन मागा. भजनी मंडळात वाजवणारे, गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा दिलेले लोक आसपास सापडतात. आठवड्याचे दोन तास धरून वर्षाचा हिशेब मांडा, त्यातच पुडी बदलणं आणि पेटीची दुरुस्ती धरा. आणि मागणी तीन वर्षांची करा. मुलांच्या हातात तीनताल नीट बसायलाच पहिलं वर्ष जातं.

चित्रकलेचं त्या मानानं सोपं. इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेत 'अ' श्रेणी मिळाली की दहावीला ७ वाढीव गुण, 'ब'ला ५, 'क'ला ३, हे संचालकांना घरच्या मुलांमुळे ठाऊक असतं. इंटरमिजिएटची आणि तिच्या आधीच्या एलिमेंटरी परीक्षेची फी आणि रंगांचा खर्च ज्यांना झेपत नाही अशा मुलांची फक्त संख्या अर्जात द्या, नावं नकोत. हे सहसा अडत नाही. मात्र ज्या लहानांना अजून कुठलीच परीक्षा नाही त्यांच्यासाठीही कागद आणि रंग मागाच. मला तर तोच खर्च सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण चित्राची गोडी त्याच वयात लागते.

एक सावधगिरी. देणगीच्या बदल्यात 'शाळेच्या ठेवी आमच्याकडे ठेवा' असं कोणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. शाळा चालवणारी संस्था सार्वजनिक न्यास असेल तर तिचा पैसा कुठे ठेवायचा यावर कायद्याची बंधनं आहेत, आणि पतसंस्थेतल्या ठेवींना बँकेसारखं विमा संरक्षण नसतं. देणगीचा धनादेश शाळेच्या नावानंच घ्या आणि पावती त्याच दिवशी द्या.

आणखी एक वाट आहे, तिला सभेच्या ठरावाची वाट पाहावी लागत नाही. बहुतेक पतसंस्था दरवर्षी कॅलेंडर छापतात आणि तो खर्च प्रसिद्धीत आधीच धरलेला असतो. त्यावर देवादिकांच्या तयार चित्रांऐवजी तुमच्या मुलांची बारा चित्रं छापा आणि प्रत्येक चित्राचं मानधन शाळेच्या कलानिधीला द्या, असं अध्यक्षांना समोर बसून सांगा. सोबत मुलांची चार-पाच चित्रं न्या. कॅलेंडरचा मजकूर दिवाळीच्या सुमारास छापखान्यात जातो, तेव्हा सगळी चित्रं सहामाहीच्या आधी तयार हवीत.