‘पर झीरो’ माश्या अंधारातही २४ तासांचा ताल दाखवत असतील, तर

‘पर झीरो’ म्हणजे ‘पीरियड’ जनुक निकामी असल्याने शरीरात दिनचक्राचं घड्याळच नसलेल्या फळमाश्या. कायम अंधारात त्यांच्या हालचालीला ताल नसायला हवा, पण तुमच्याकडे तो २४ तासांचा येतोय, म्हणजे स्टॉक (लॅबमध्ये जोपासलेला वाण) बिघडला का, असं तुम्ही विचारलंय. स्टॉक फेकू नका. आमच्या लॅबमध्ये हुबेहूब हेच झालं होतं.

प्रकाशकिरण (बीम) तुटला की माशीची हालचाल मोजणारा मॉनिटर, माश्या ठेवायच्या काचनळ्या, त्यांचं अगार-साखरेचं खाणं तुम्हाला ठाऊक असणारच. तुमच्या अ‍ॅक्टोग्राममध्ये (हालचालीच्या आलेखात) मला खटकतंय ते वेगळंच. वाइल्ड टाइप, म्हणजे सामान्य घड्याळाच्या माश्यासुद्धा सगळ्या बरोब्बर २४.० वर आहेत. घड्याळं आपापल्या चालीने चालली की आकडे थोडे तरी विखुरतात. इतकी शिस्त दिसली की बाहेरून कुणीतरी हाकतंय असं समजा. कोनोप्का आणि बेंझर या शास्त्रज्ञांची १९७१ची ‘पर एस’, म्हणजे घड्याळ जलद चालणारी माशी, लावून बघा. तिच्या १९ तासांच्या जागी २४ आले, तर शंकाच नको.

आमच्याकडे हाकत होता सेंट्रल एसी. देखभाल विभाग तो संध्याकाळी बंद करायचा, सकाळी चालू. माश्यांचा इन्क्यूबेटर (तापमान स्थिर ठेवणारं कपाट) जुना, त्यामुळे रात्री आतलं तापमान तीनेक अंश चढायचं. १८ अंश असोत की २५, माशीच्या घड्याळाचा कालावधी जवळपास तोच राहतो. पण तापमान रोज ठरल्या वेळी वरखाली झालं की घड्याळ त्याच्याशी जुळवून घेतं. आणि ज्यांच्यात घड्याळच नाही, त्यांची हालचाल उष्णतेने थेट बदलते. तुमच्या ‘पर झीरो’चं मला हेच वाटतंय.

देखभाल विभागाकडे अर्ज केला तर उत्तर आलं, “डिस्प्लेवर २५ दिसतंय ना?” पुढे “यंत्र आमच्या अखत्यारीत नाही, खरेदी विभागाला विचारा.” खरेदी विभाग म्हणाला, वॉरंटी संपली. यात अख्खं सेमिस्टर गेलं. शेवटी मॉनिटरांच्या मधे तापमान नोंदवत राहणारा डेटा लॉगर ठेवला, त्याचा आलेख अर्जाला जोडला, तेव्हा कुठे इन्क्यूबेटर दुसऱ्या खोलीत हलला. माझं स्पष्ट मत: जैविक घड्याळावरच्या संशोधनाला मिळालेल्या २०१७च्या नोबेलनंतर जो तो ‘टाइमलेस’ जनुक आणि क्रिप्टोक्रोम प्रथिन अशा घड्याळाच्या भागांकडे धावतो, थर्मामीटर कुणी बघत नाही.

अर्थात मी यंत्रांचा जाणकार नाही, आणि तुमचा एसी रात्रंदिवस चालत असेल तर दोष प्रकाशगळतीचाही असू शकतो. मॉनिटर काळ्या बंद पेटीत ठेवा. ताल तरीही टिकला, तर संशय तापमानावरच. जाता जाता: नळीत नरच भरा. माद्या अंडी घालतात, मग अळ्या वळवळून बीम तोडतात आणि तुम्ही तिसराच ताल शोधत बसता.