मुलगा चर्चला जायला लागलाय, आता काय करू?

हा प्रश्न घेऊन माझ्याकडं समुपदेशनाला वर्षातून तीनचार जण तरी येतात, बहुतेक वेळा आईच असते आणि वाक्यही ठरलेलं, "मॅडम, त्याचं कुणीतरी ब्रेनवॉश केलंय." त्यातलीच एक केस सांगते, दोघांना विचारून आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

काकू एकट्याच आल्या होत्या. मुलगा तिशीचा, आयटीत, लग्न व्हायचंय, वडील जाऊन चार वर्षं झालेली. गणपतीत आरतीला मागं जाऊन उभा राहिला, प्रसादाचा मोदक हातात घेतला आणि न खाता वाटीत टीव्हीपाशी ठेवून दिला. दोन दिवस तो मोदक तिथंच, ना त्यानं उचलला ना काकूंनी, कळ्या सुकून तडकल्या म्हणाल्या. धर्म, समाज, लोक काय म्हणतील हे सगळं त्यांनी कोरड्या आवाजात सांगितलं होतं, रडल्या त्या मोदकाशी आल्यावर. मी वहीत तेवढंच लिहून घेतलं.

अशा वेळी मी आधी बाकीचं तपासते. झोप, जेवण, पैसे कुठं जातायत का, जुने मित्र तुटलेत का, कुणी घाई करतंय का, घरी सांगू नकोस असं कुणी बजावलंय का. यातलं काही निघालं तर गोष्टच वेगळी. इथं नव्हतं, उलट तिथल्या पाळकांनीच, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, त्याला बाप्तिस्म्याची (ख्रिस्ती होण्याच्या विधीची) घाई करू नको, आधी आईशी बोल असं सांगितलेलं. आणि मुलगा सज्ञान आहे, घटनेच्या कलम 25 नं त्याला हा हक्क आहे, हेही काकूंना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. हक्क आहे म्हणून मोदक गिळला जात नाही, ते वेगळं.

पुढच्या आठवड्यात तो आला, लॅपटॉप घेऊन. माणसाला किंमत आहे असं आपण सगळेच धरून चालतो, मग ती किंमत येते कुठून, इथून त्याचं सुरू झालं होतं. दोन वर्षं बुद्ध वाचला, जर्मन तत्त्वज्ञ कांट वाचला, तुकोबांची गाथा वाचली आणि मग फ्रेंच गणितज्ञ पास्कल, ज्याचा त्रिकोण आपण गणितात शिकतो तोच. हे सगळं त्यानं चौदा पानांच्या पीडीएफमध्ये नीट मांडून आईला व्हॉट्सअपवर पाठवलं होतं. आईला! मला हसू आलं, पण मुलगा अगदी प्रामाणिक होता हो.

पास्कलची एक गोष्ट त्यानंच सांगितली. 1654 च्या नोव्हेंबरमध्ये एका रात्री त्याला काहीतरी अनुभव आला, तो त्यानं कागदावर लिहिला आणि कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला, 1662 मध्ये तो गेल्यावर कुणाला तरी सापडला. त्यात लिहिलंय की अब्राहामाचा, इसहाकाचा, याकोबाचा देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नाही. म्हटलं, मग तुझ्या अस्तरात काय आहे ते सांग, पीडीएफ राहू दे.

बराच वेळ गप्प बसला. मग काकांचं निघालं. जमिनीवरून वडिलांशी भांडण, सहा वर्षं बोलणं बंद, वडील त्याच रागात गेले. बायबलमधलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचताना वैऱ्यांवर प्रीती करा इथं तो अडकला, तर्कात बसवता येईना आणि सोडूनही देता येईना, शेवटी एका रविवारी बाईक काढून काकांकडं गेला, चहा पिऊन आला. एवढंच. आईला सांगितलंस का, तर नाही.

आणि काकूंना वाटत होतं पोरगा वाटणीचं बोलायला गेला होता.

पुढचं सेशन दोघांना एकत्र बसवून घेतलं, त्यात हे बाहेर आलं. काकू एवढंच म्हणाल्या, "हे मला आधी सांगायचंस ना रे." मग खरी भीती बोलल्या, यांचं श्राद्ध कोण घालणार आणि उद्या माझं कोण करणार. त्याच्या चौदा पानांत याला उत्तर नव्हतं.

आपल्यात असं कुणी केलं नाही हो, असंही त्या म्हणाल्या होत्या. म्हणून मी ना. वा. टिळकांचं सांगितलं, शाळेतली जखमी पक्षिणीची कविता त्यांचीच, 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं म्हणायचे. काकूंना टिळकांशी काही घेणं नव्हतं. "मग त्यांच्या बायकोचं काय झालं?" लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, माहेरच्या माणसांत खूप सोसलं, मग परत नवऱ्याकडं आल्या आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. "मी नाही हं घेणार," काकू म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. त्यानं पण लगेच, "तुला कोण घे म्हणतंय आई."

(कागदपत्रांचं विचारतात म्हणून जाता जाता, अनुसूचित जातीचा दाखला असेल तर 1950 च्या आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही. आधी वकिलाशी बोला, मी वकील नाही.)

सगळं गोड झालं असं काही नाही. लग्नाचा विषय अजून तसाच लोंबकळतोय आणि मामा त्याच्याशी बोलत नाहीत. श्राद्धाला पिंड पुतण्यानं ठेवले, हा गुरुजींना बाईकवरून घेऊन आला, पंगतीत वाढायला होता. प्रसाद खायचा की नाही यावर ख्रिस्ती लोकांतच वेगवेगळी मतं आहेत, तो सध्या खात नाही. यंदा गणपतीत काकूंनी मोदक उकडले, नैवेद्याचं पान वाढायच्या आधीच पाच मोदक स्टीलच्या डब्यात काढून ठेवले आणि त्याला म्हणाल्या, हे देवाला दाखवलेले नाहीत, खा गुमान. पाचही खाल्ले म्हणे, वर तूप कमी पडलं म्हणाला.